वरवट बकालातून दिसलेला कोरिया

बुलढाण्यात अजूनही काही लोक मला पाहिलं की चहाचा कप मुद्दाम उजव्या हातातून डाव्या हातात घेतात आणि तोंड फिरवून हसतात. हे का, ते तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. निदान माझ्या बाजूने सांगणारा एक तरी माणूस जगात असू दे. चहा येईपर्यंत सुरुवात करतो, हसायचं मात्र शेवटी.

मी तेव्हा अमरावतीहून नुकताच बी.ए. होऊन घरी आलो होतो. नोकरी नव्हती, पण मतं भरपूर होती. जग सुधारायचं होतं आणि तेही दिवाळीच्या आत.

अमरावतीला आमच्या कॉलेजच्या पोरांनी एक चित्रपट मंडळ काढलं होतं. तिथे परदेशी सिनेमे दाखवायचे. बाकीची पोरं फ्रेंच आणि रशियन सिनेमावर भांडायची. मी पडलो कोरियन सिनेमाच्या प्रेमात. का, म्हणाल? एक तर त्यावर भांडायला दुसरं कुणीच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, त्या सिनेमातली आई लेकाला भात वाढताना त्याच्या तोंडाकडे जशी पाहत बसायची, तशी थेट माझी आई पाहते. मी अंधारात ढसाढसा रडलो. बाहेर आलो तो कोरियाचा झालो होतो.

मुंबईच्या वकिलातीला पत्र टाकलं, तर तिकडून रंगीत मासिक यायला लागलं. त्यातल्या नटनट्यांनी आमच्या माजघराची भिंत भरली. आईने एका नटीला देवी समजून दोनदा कुंकूही लावलं होतं. मित्रांनी माझं नाव ठेवलं 'कोरिया'. माझा शाळेपासूनचा मित्र गजानन तर रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, "काय बे कोरिया, जेवला का?"

मी कोरियन सिनेमे एकूण किती पाहिले होते?

दीड.

दुसऱ्याच्या मधेच वीज गेली होती. पण महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी दीडसुद्धा पाहिलेला माझ्या ऐकिवात नव्हता, म्हणजे तज्ज्ञ मीच. आमच्या गावच्या साप्ताहिकाचे संपादक अण्णा यांना हे पटलं, कारण मी फुकट लिहायचो. त्या दीड सिनेमांवर मी सात लेख लिहिले. अण्णा म्हणाले, "दिनकर, आता नवीन पाह्य बा काही. लोक इचारून राह्यले."

आता यात माझी बहीण कशी आली, ते सांगतो. कारण माझं काय, माझं हसू झालं असतं तर झालं असतं. पणाला लागलं होतं ते तिचं लग्न.

कुसुम माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. डी.एड. झालेली, हुशार, आणि डावरी. पोळी डाव्या हाताने लाटायची, सुई डाव्या हाताने चालवायची, आणि लिहायची तर असं मोत्यासारखं की तिच्या शाळेत सुविचाराचा फळा कायम तिच्याकडे. पण आमच्याकडे प्रसाद डाव्या हाताने घेतला तरी चार बाया डोळे वटारतात. तिथे सून डाव्या हाताने वाढणार म्हटल्यावर काय होईल, तुम्हीच सांगा. लहानपणी आईने तिचा डावा हात पदराने बांधून पाहिला. कुसुमने उजव्या हाताने गाठ सोडायला शिकून घेतलं, एवढाच फायदा.

मुलगी पाहायला आले की आपल्याकडे चहा-पोह्यांनंतर कागद-पेन पुढे करतात. "नाव लिहून दाखव, बाई." झालं, तिथेच आमचं घोडं अडायचं. बाबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, यावर तोड काढली होती. ते तहसील कचेरीत कारकून, तोड काढणं हा त्यांचा धंदाच. त्यांनी कुसुमला फक्त स्वतःचं नाव उजव्या हाताने लिहायला शिकवलं. महिनाभर सराव चालला. चिखलीची मंडळी आली, कागद पुढे झाला, आणि कुसुमने उजव्या हाताने नाव लिहिलं. कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेल्यासारखं.

चार दिवसांनी निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण आम्हाला शिकलेली पाहिजे.

कुसुम रडली नाही. तिने पेन बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेले मी माह्या हातानं लिहीन. नाही तर बाहेरच येत नाही." बाबा म्हणाले, "मंग बस घरात." दोघंही आमच्याच घरातली, त्यामुळे दोघांनीही शब्द पाळायचं ठरवलं.

मी तिच्या बाजूने होतो. तावातावाने होतो. पण बाबांपुढे माझ्या बोलण्याला वजन ते किती? बिननोकरीच्या मुलाच्या बोलण्याला जेवढं असतं तेवढं.

अशात गजाननने बातमी आणली. सरकारची सिनेमागाडी जिल्ह्यात फिरत होती. शेतीसुधारणेचे, कुटुंबकल्याणाचे माहितीपट दाखवायची. यंदा तिच्याकडे एक आख्खा कोरियन सिनेमा होता, खेडं सुधारल्याची गोष्ट म्हणून. आणि परवा ती वरवट बकालला, गजाननच्या मावशीच्या गावाला येणार होती.

मी दोन एसट्या बदलून, धुळीने पांढरा होऊन पोचलो तोवर अंधार पडला होता. बाजाराच्या मैदानात दोन बल्ल्यांना पांढरा पडदा ताणलेला. एका अंगाला गाडी, मशीन आणि सगळा पुरुषवर्ग, असा खचाखच की मुंगीला जागा नाही. दुसऱ्या अंगाला बाया आणि लेकरं. आमच्या खेड्यांतली ही रीतच, पडदा मधे, पुरुष इकडे, बाया तिकडे. उजेड कापडातून आरपार जातो, दोन्हीकडून सिनेमा दिसतो. तंबूच्या टॉकीजमध्येही तसंच. मी बुलढाण्यात वाढलेला, थेटरात खुर्चीवर बसणारा. मला हे फार पुढारलेलं वाटलं. एका तिकिटात दोन घरं!

गजानन कुठे तरी पुरुषांत घुसला. मी उभाच होतो. तेवढ्यात मावशीने बायांमधून हाक मारली, "दिनू, ये इकडं. माह्याजवळ बस. तू काय परका हाय का?" तिने पोत्यावर जागा केली आणि मुठीत भाजलेल्या शेंगा दिल्या. मी बसलो.

बसलो, आणि समोर कोरिया उगवला.

सिनेमाचं नाव मी सांगत नाही, त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. फौजेतून परत आलेला एक तरुण गावाला पुरापासून वाचवायला नदीवर बांध घालतो, गावचा म्हातारा पाटील विरोध करतो, अशी गोष्ट. खाली इंग्रजी अक्षरं वगैरे काही नाही. मधूनमधून कोरियन पाट्या यायच्या, त्या मला कळायचं कारणच नव्हतं. गाडीवाले साहेब भोंग्यावरून थोडक्यात मराठीत सांगायचे, ते बायांच्या गलक्यात बुडायचं. मावशीला भाषेची गरज नव्हती. "हा मेला दुसऱ्याले नांदू देत नाही, पाह्यजो तू," असं तिने पाटील पडद्यावर येताक्षणी सांगितलं आणि ते खरं निघालं.

आणि मग ते जेवायला बसले.

मी शेंगा खायचा थांबलो. नायकाने काड्या उचलल्या, डाव्या हाताने. आईने पळी धरली, डाव्या हाताने. पाटील जेवला, डाव्या हाताने. मास्तर फळ्यावर लिहू लागला, डाव्या हाताने. शेतातली ओळच्या ओळ भात कापत होती, विळे सगळे डाव्या हातात. फौजी साहेबाला सलामसुद्धा डाव्या हाताने!

माझ्या अंगावर काटा आला. अख्खा देश डावरा!

आधीच्या दीड सिनेमांत हे कसं दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं. पण तेव्हा मी आईच्या डोळ्यांकडे पाहून रडत होतो. रडणारा माणूस हाताकडे पाहत नाही.

बरं, शंका यायला जागा नव्हती असंही नाही. एका घरात भिंतीवर घड्याळ होतं. त्यात पाच वाजले होते, आणि ऊन मात्र चांगलं हातभर वर आलेलं. मी मनात म्हटलं, पूर्वेचा देश आहे, सूर्य आधी तिकडेच पोचणार. नायकाची आई त्याच्या हृदयावर हात ठेवते, तर तो उजवीकडे. मी म्हटलं, वा, काय काव्य आहे! मोटारी मात्र आपल्यासारख्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालत होत्या, त्यामुळे एकंदरीत सगळं बरोबरच वाटलं. शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं. त्याच्याकडे प्रत्येक शंकेला उत्तर तयार असतं.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात वाक्यं उड्या मारत होती. घरी पोचल्यावर एका बैठकीत लिहून काढलं. लेखाचं नाव, 'डावखुऱ्यांचा देश'. सिनेमाच्या गोष्टीला चार ओळी दिल्या, बाकी सगळा डावा हात. शेवट असा केला: "जिथे अख्खं राष्ट्र डाव्या हाताने जेवतं, लिहितं, पिकवतं आणि सलाम करतं, तिथे डावं-उजवं उरतच नाही. आपण मात्र आपल्या लेकींचे हात बांधतो."

अण्णांनी पहिल्या पानावर छापला.

काय सांगू, त्या अंकाने गाव हलवलं! माझे आधीचे सात लेख मी, अण्णा आणि प्रूफ तपासणारे गृहस्थ, एवढ्यांनीच वाचले होते. हा लेख न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचला गेला. बुलढाण्यात एवढे डावरे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. ते लपून बसलेले होते, आता बाहेर पडले. कोर्टातले एक वयस्क वकील घरी आले, माझा हात त्यांनी आपल्या डाव्या हातात घेतला आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी उजव्या हातानं सही करून राह्यलो, बेटा." त्यांचे डोळे भरले होते. कापडवाले करीमभाई म्हणाले, त्यांचा धाकटा डावरा आहे, त्याला आता कोणी बोललं तर ते लेख दाखवतात. चौकातल्या हॉटेलात पोरं पैज लावून डाव्या हाताने मिसळ खायला लागली. शर्ट सगळ्यांचे खराब झाले, पण हवा बदलली.

आणि बाबा. बाबांनी अंक चष्मा पुसून तीनदा वाचला. मग आईला म्हणाले, "अख्खा देश म्हणजे... सरकारी कामकाज पण त्याच हातानं होत असंन." कचेरीतला माणूस, त्याला तेवढं पटलं की सगळं पटलं. त्या दिवसापासून कुसुमला डाव्या हाताने वाढायची मुभा मिळाली.

महिन्याभरात लोणारकडच्या बीबी गावचं स्थळ आलं.

मुलगा सुधाकर, कुसुमच्याच डी.एड.च्या वर्गातला, आता लोणार तालुक्यात मास्तर. कुसुमने नाव ऐकलं आणि आत जाऊन चांगली साडी बाहेर काढून ठेवली. तिला ते स्थळ हवं होतं, हे कळायला बी.ए. व्हावं लागत नाही. वडील तात्यासाहेब, बीबीच्या बाजारात धान्याचा व्यापार, बोलणं मोजकं, मिशा भरघोस. बरोबर सुधाकरची आत्या, सगळ्यांच्या वतीने बोलणारी एक आत्या प्रत्येक घरात असते तशी.

पोहे झाले, चहा झाला. कागद पुढे आला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी कुसुमकडे, आणि कुसुमने शांतपणे पेन डाव्या हातात घेऊन नाव लिहिलं. काय अक्षर! छापल्यासारखं.

आत्या जरा पुढे वाकली. "डावरी हाय का हो पोरगी?"

एवढंच विचारलं तिने. आजही शपथेवर सांगतो, एवढंच. त्यावर कुणी नुसतं "हाव" म्हटलं असतं तर हा किस्सा इथेच संपला असता. पण मी होतो ना तिथे!

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, आत्याबाई, तुम्हाला कोरिया माहीत आहे का? आणि जो सुटलो तो भात, विळे, फळा, सलाम, उजवीकडचं हृदय, सगळं करत अर्धा तास बोललो. मधे एकदा आईने माझा सदरा मागून ओढला. मला वाटलं कौतुकाने ओढला. तात्यासाहेब ऐकत होते. एकदा त्यांनी सुधाकरकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि मग म्हणाले, "असा समदा मुलूखच डावरा असतो व्हय? बघाया पाहिजे एकदा."

"दाखवतो," मी म्हटलं. "येत्या रविवारी. इथेच, कॉलेजच्या हॉलमध्ये."

"मग रविवारी सिनेमा बघून काय ते बोलू," तात्यासाहेब म्हणाले आणि उठले. कुसुमचा चेहरा पडला. काय ते बोलू म्हणजे आज बोलायचं नाही. दार लागल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "दादा, तुले कोणी इचारलं होतं?"

मी म्हटलं, रविवारी बघ.

हॉल ठरलेला नव्हता. सिनेमाही ठरलेला नव्हता. पण धडपडीला मी कधी कमी पडलेलो नाही. गाडीवाल्या साहेबांना मेहकरला गाठलं, प्राचार्यांना घरी गाठलं, वकीलसाहेबांनी शब्द टाकला, आणि रविवारी चार वाजता हॉल भरला. पहिल्या रांगेत तात्यासाहेब, आत्या, सुधाकर आणि जीपभर बीबी. दुसऱ्या रांगेत बुलढाण्यातले झाडून सगळे डावरे, धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे. मागे अण्णा, गजानन, आणि कडेला आई, बाबा, कुसुम.

मी आधी भाषण केलं. करायलाच हवं होतं का? नव्हतं. पण केलं. म्हटलं, आज तुम्ही जे पाहणार आहात ते पाहून आपल्याला आपल्या हातांची लाज वाटेल, म्हणजे उजव्या. वकीलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. दिवे गेले.

पहिल्याच दृश्यात नायकाची बस गावात येते. ती रस्त्याच्या उजव्या अंगाने आली. मला वाटलं, आता आपटते. आपटली नाही. मागून दुसरी गाडी आली, तीही उजवीकडून. मला थोडं गरगरल्यासारखं झालं.

मग ते जेवायला बसले.

नायकाने काड्या उचलल्या, उजव्या हाताने. मी मागे अण्णांशेजारी बसलो होतो, त्यांना हळूच सांगितलं, हा फौजेत राहून बिघडलेला आहे, घरचे बघा. घरच्यांनी उचलल्या, उजव्या हाताने. मी म्हटलं, पाटील बघा, पाटील जुना माणूस. पाटील जेवला, उजव्या हाताने. मास्तर फळ्याकडे वळला, तेव्हा मी देवाचा धावा केला. मी देव मानत नाही, हे त्या क्षणी विसरलो. मास्तरने उजव्या हाताने लिहिलं. घड्याळात सात वाजले होते.

दुसऱ्या रांगेत कुजबुज सुरू झाली. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तात्यासाहेब मान न वळवता म्हणाले, "डावरे कवा येणार हो?"

 मी उठलो आणि मशीनकडे धावत गेलो. "साहेब, बंद करा! सिनेमा उलटा लावला तुम्ही!"

दिवे लागले. गाडीवाले साहेब माझ्याकडे नुसते पाहत राहिले. म्हणाले, सरळच लावलाय, वरवट बकालला लावला होता तसाच. मी म्हटलं, तसा नाही, तेव्हा सगळे डावरे होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अख्ख्या वरवट बकालने पाहिलं. गजानन मागून म्हणाला, त्याला तर सगळे उजवे दिसले होते, पण लेख एवढा जोरात आला की त्याला वाटलं आपलंच लक्ष नव्हतं. मी त्याच्यावर धावून जाणार होतो. म्हणालो, तू झोपला असशील. भर हॉलमध्ये आम्ही एका देशाच्या हातावरून भांडत होतो.

तेवढ्यात कडेने आवाज आला. कुसुमचा.

"दादा, तू तिथं कुठं बसला होता?"

"मावशीजवळ," मी म्हटलं.

"मावशी कोणत्या अंगाले बसते?"

  त्या क्षणी मला तो पडदा दिसला, त्याच्या पलीकडचं मशीन दिसलं, आणि अलीकडे, पडद्याच्या उलट्या अंगाला मी, मुठीत शेंगा घेऊन, बायांत बसलेला.

 मग बीबीच्या जीपमधल्या कुणी तरी फिस्स केलं. आणि मग जे काही झालं त्याला हसणं म्हणत नाहीत, राव. खुर्च्या पडल्या. आत्याने पदर तोंडात कोंबला. करीमभाई भिंतीला धरून उभे राहिले. गाडीवाले साहेब मशीनवर डोकं टेकून हलत होते. वकीलसाहेब तेवढे हसले नाहीत. ते दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे पाहत बसले होते. मग तेही हसले, आणि सगळ्यात जास्त हसले.

हसू ओसरल्यावर मात्र मी कुसुमकडे पाहिलं. माझं जे व्हायचं ते झालं होतं, पण कुसुमचं? अख्खा देश तिच्या पाठीशी उभा केला होता, तो देश पळून गेला होता. बाबा मान खाली घालून बसले होते. आत्याने डोळे पुसले आणि कुसुमकडे वळून विचारलं, "मग आता गं बाई?"

कुसुम उभी राहिली. आवाज जराही हलला नाही तिचा. "आत्याबाई, कोरियात कोणी डावरं नसलं तरी मी हाव. माह्या हाताले काही झालेलं नाही. अक्षर तुम्ही पाह्यलंच आहे. स्वयंपाकही याच हातानं करते. चालत असंन तर सांगा, नसंन तर तसं सांगा. सिनेमा कायले पाहिजे?"

सुधाकर घाईघाईने उभा राहिला आणि वडिलांकडे न पाहता म्हणाला, "तात्या, मी तर तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"आधीच?" मी विचारलं.

तेव्हा तात्यासाहेब खुर्ची वळवून बाबांकडे तोंड करून बसले. म्हणाले, पोरानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की मुलगी डावरी आहे आणि वर्गात हिच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. ते घरून पसंती घेऊनच निघाले होते. आत्याने विचारलं ते सहज. उत्तर आलं की पसंतीचा नारळ द्यायचा होता, तो जीपमध्ये ठेवलेलाच होता.

"मग दिला का नाही?" बाबांनी कसंबसं विचारलं.

"तुमचं हे चिरंजीव उभं राहिलं ना," तात्यासाहेब म्हणाले. "इतकं बोललं, इतकं बोललं, की आम्हाला वाटलं, नुसत्या डाव्या हातासाठी कुणी एवढं बोलत नसतंय. आणखी काय तरी झाकून ठेवलंय. म्हणून म्हटलं, रविवारपर्यंत चौकशी करू."

"झाली का चौकशी?"

"झाली. पोरगी सोन्यासारखी. पसंत हाय." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेने तर उभं राहून वाजवल्या. आईने डोळ्यांना पदर लावला. कुसुमने जमिनीकडे पाहिलं, पण हसू काही लपलं नाही. मला वाटलं, सुटलो. कसा का होईना, शेवट गोड झाला. मी पुढे होऊन तात्यासाहेबांच्या पाया पडलो.

त्यांनी मला उठवलं, पाठीवर थोपटलं, नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाबांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलं. सगळ्यांना ऐकू येईल इतपत.

"एक विचारू का? राग मानू नका. उद्या लेकरंबाळं होतील, म्हणून विचारतो. हाताचं आमचं काही म्हणणं नाही." मग त्यांनी हनुवटीने माझ्या डोक्याकडे खूण केली. "पण हे जे याचं आहे, हे तुमच्या घराण्यात आणखी कुणाला आहे का?"

माझे बाबा आयुष्यभर सरकारी नोकरीत. खोटं कधी बोलले नाहीत. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"नाही हो. मागच्या सात पिढ्यांत हा पहिलाच."